टरबुजावरची केबल

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईत एका सरकारी कचेरीत इंजिनिअर होते. समुद्राच्या तळाशी काचेच्या तंतूंची केबल टाकून दूरदूरचे देश फोननं जोडायचे होते. ती केबल कुठून न्यायची हे ठरवायचं काम आमच्याकडे होतं. उन्हाळ्यात नाचणगावला घरी आले, तर बाबांनी पाहुणे बोलावून ठेवलेले. मुलगा आर्वीचा, वीज खात्यातला. सोबत त्याची आई, आणि सगळं बोलणं स्वतःच्या अंगावर घेतलेले मामा.

"पोरगी काय काम करते म्हणाले?" मामांनी विचारलं.

"समुद्रात वायर टाकते," बाबा म्हणाले. शाळामास्तर होते ते. एका वाक्यात धडा संपवायची सवय.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "पोहता येते काय?"

"नाई," मी म्हणाले.

"मंग बुडाली तर?"

मी समजावलं, की केबल जहाज टाकतं. मी फक्त नकाशावर तळाचे डोंगर, दऱ्या, जहाजांच्या नांगराच्या जागा पाहते आणि त्या टाळून वाट आखते.

"अन् मासे?" मुलाच्या आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "चावत नाई काय?"

"चावतात ना. शार्कसुद्धा चावलेत केबलला."

तिनं मामांकडे पाहिलं. स्थळ हातचं जातंय हे बाबांनी ओळखलं असावं. ते आत गेले आणि एक मोठं टरबूज आणि आईचा गोधडीचा लाल दोरा घेऊन आले. "ही घे पृथ्वी. दाखव यांना केबल कशी जाते ते," ते मला म्हणाले.

मी टरबूज मांडीवर घेतलं. देठाकडे उत्तर धरली आणि दोरा लावायला लागले. मामा खुर्ची सोडून शेजारी येऊन बसले.

"सरळ काऊन नाई नेत?"

"इथे डोंगर आहे."

"पाण्यात डोंगर? बरं. अन् दोरा ढिला काऊन सोडून राह्यली? ताणून धर ना."

"केबल ताणली तर दोन उंचवट्यांमध्ये लोंबकळते. मग घासून घासून तुटते."

"आमच्या खांबावरच्या तारेलेही ढील द्याच लागते," मुलगा म्हणाला. "नाईतर थंडीत आखडून तुटते."

तो बोलू शकतो हे मला तेव्हाच कळलं. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात टरबूज मांडीवरून निसटलं, गडगडत दिवाणाखाली गेलं. मामा त्याच्यामागे शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग डोक्यावर जळमटं घेऊन ते बाहेर आले. टरबूज दोन्ही हातांत धरलेलं.

"थोडं चिरलं," ते म्हणाले. "पण आफ्रिकेकडून. आपल्याकडं काई झालं नाई."

चिरलंच होतं, म्हणून आईनं ते कापलं. मुलाची आई बिया काढता काढता म्हणाली, "पोरगी हुशार आहे. फक्त ते शार्कचं लग्नात कोणाले सांगू नका."

पुढच्या आठवड्यात मामा एकटेच आले. "पोरगी पसंत आहे. पण एक अट आहे."

बाबांचा चेहरा उतरला. आता नोकरी सोडायला सांगणार, असं धरून मी भांडणाची तयारी केली.

"नोकरी सोडायची नाई," मामा म्हणाले. "मी आख्ख्या आर्वीत सांगून बसलो, आमची सून विलायतेले वायर जोडून राह्यली म्हणून. आता घरी बसली तर लोक मले हासतीन."

उठता उठता त्यांनी आवाज खाली आणला. "अन् पोरी, आर्वीहून पुलगावले फोन लागत नाई. तेवढं पहिले पाहाजो."

ते माझ्या हातात नव्हतं. लग्न मात्र झालं.