आईची गवरी, वाडीची गच्ची

पारशिवनीच्या बस स्टॉपवर आईने माझ्या हातात गवरी ठेवली, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. शाळेतल्या दोन मैत्रिणी पोचवायला आलेल्या, बसच्या खिडकीखिडकीत माणसं, आणि ही माझी आई जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली शेणाची गवरी लेकीला देऊन राहिली! नवरा आधीच नागपूरला जाऊन तिथल्या वाडी भागात ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला लागला होता. त्याने खोली पाहिली आणि मी पेटी, गादी, चार भांडी घेऊन त्याच्याकडे निघाले होते. बाकीच्या पोरींना आया निघताना लाडू देतात, साडी देतात.

"आई, तिकडे गॅस हाये," मी दातओठ खाऊन म्हटलं.

"जाळाले नाई देऊन राहिली तुले. भेदऱ्याचं बी हाये त्यात. पोळा झाला का टाकजो, घट बसले का रोप लावजो."

भेदरे म्हणजे आमच्याकडचे टमाटर. पण बाजारात दिसतात तसले गुळगुळीत, चेंडूसारखे नाही. आईचे भेदरे बुटके, अंगाला चुण्या पडलेले आणि आंबट असे की चटणीत एक जास्त पडला तर डोळे मिटावेत. घरामागच्या सांदवाडीत ती दरवर्षी लावायची. झाडावरचा सगळ्यांत देखणा भेदरा कोणालाही खाऊ द्यायची नाही. तो पिकून मऊ झाला की ओल्या गवरीत पिळायची, गवरी वाळवायची आणि चुलीवरच्या फळीवर ठेवून द्यायची. धुरामुळे किडे लागत नाहीत. पोळ्यानंतर ती गवरी कुस्करून वाफ्यात टाकली की बी आणि खत एकदमच. असं तिच्या आईचं, आणि तिच्याही आईचं चालत आलेलं.

हसायचं तेवढं हसून घेतलं बसमधल्यांनी. मी गवरी पिशवीच्या तळाशी कोंबली, वर टॉवेल टाकला आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले.

हे मी लिहिते आहे ते तिकडेच राहिलेल्या माझ्या मैत्रिणींसाठी, आणि माझ्यासारखं बोचकं बांधून कुठे कुठे जाऊन पडलेल्यांसाठीही. तुम्हाला वाटतं शहरात गेलेली सुटली. आम्हाला वाटतं तुम्ही सुटल्या. खरं सांगू का, सुटत कोणीच नाही, पण जमवून घेता येतं.

वाडीत आमची खोली पहिल्या मजल्यावर, वर गच्ची, खाली घरमालकीण काकू. समोर गोदामं. गावी सकाळी कोंबडा आणि मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. इथे पहाटेपासून ट्रक मागे घेणाऱ्यांचं "आने दो, आने दो, बस!" भांडी घासून पालथी घातली की तासाभरात त्यांच्यावर धूळ. पहिले काही महिने मी रोज एकदा तरी रडायची, आणि मग स्वतःलाच दोन शिव्या देऊन पोळ्या लाटायला बसायची. आईचा फोन आला की ती विचारायची, "खोलीवर सगळं बरं हाये ना वं?" कधी चुकूनही घर म्हणायची नाही. मीही म्हणत नव्हते.

गवरी मी खिडकीवरच्या फळीवर ठेवली होती. एक दिवस बाजारातून आले तर अर्धीच!

"अजी, गवरी कुठं गेली?" मी नवऱ्याला विचारलं.

"काकूंकडे होम होता. त्यायले गवरी पायजे होती. अर्धीच दिली ना, पूरी कुठं दिली?" असं म्हणून माणूस शांतपणे चहा पिऊन राहिला. त्याला वाटलं मोठाच शेजारधर्म केला.

मी तशीच खाली धावले. होम पेटलेला, भटजी मंत्र म्हणून राहिलेले, आणि माझ्या आईचे अर्धे भेदरे स्वाहा! बोलता तर येईना. प्रसाद घेऊन वर आले आणि नवऱ्याशी तीन दिवस अबोला धरला. काकूंना मात्र पुढे कधीतरी सांगितलंच. त्या बिचाऱ्या तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "अवं माय! मले काय माहीत? मले वाटलं गावाकडची शुद्ध गवरी." तेव्हापासून काकू माझ्याशी जरा दबूनच वागायच्या, आणि मी त्याचा फायदा घेऊन गच्ची मागून घेतली.

पोळा आला. मी उरलेल्या गवरीतला अर्धा तुकडा कुस्करला आणि तेलाच्या कापलेल्या पिप्यात बी टाकलं. उगवलं तर असं दाट की विचारू नका! आता रोपं लावायची तर माती आपल्याच वावरातली पाहिजे, हा माझा हट्ट. वाडीच्या त्या मुरमाड, ऑइल सांडलेल्या मातीत माझ्या आईचे भेदरे? छ्या! गावी गेले आणि पोतंभर काळीभोर माती बसने घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, "ताई, पोत्यात काय हाये?" मी म्हटलं, "माती." त्याने एकदा पोत्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट फाडून दिलं.

रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ती माती काठोकाठ भरली. घट बसले त्या संध्याकाळी रोपं लावली, पाणी दिलं, हात जोडले. नवऱ्यालाही जोडायला लावले.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग पाऊस थांबला, ऊन तापलं आणि मातीने रंग दाखवला. वावरात फाटते तशीच ती बादलीत फाटली. चहूबाजूंनी आक्रसून बादलीच्या कडा सोडून बसली, मध्ये नुसता विटेसारखा गड्डा. पाणी घातलं की कडेने सरळ खाली, आणि मुळं कोरडीच्या कोरडी. मी जितकं जास्त पाणी घालायची तितकं काकूंच्या छतावरून ओघळायचं. दिवाळीच्या आत सगळी रोपं वाळून गेली. माझ्या माहेरच्या मातीनेच त्यांना आवळून मारलं, हे मला काही केल्या पचेना. बादल्या पालथ्या घातल्या आणि ठरवलं की बस झालं, वाडीत राहायचं तर बाजारातलं आणून खायचं.

आणि मग उन्हाळ्यात आईचा फोन आला.

दादाने जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला घेतलं होतं. चांगलंच बांधलं त्याने, उगाच नाव कशाला ठेवू? आईला पावसात गळक्या खोलीत भांडी मांडत फिरावं लागायचं, ते संपलं. पण चूल गेली, चुलीवरची फळी गेली, आणि फळीवरच्या गवऱ्या मलब्यासोबत ट्रॅक्टरमध्ये भरून कुठल्या तरी खड्ड्यात गेल्या. दादाला वाटलं, गवऱ्याच तर आहेत. सांदवाडीत फरश्या बसल्या. गावातल्या बाकीच्यांनी तर कधीचंच पाकिटातलं बी आणणं सुरू केलं होतं. तसले भेदरे होते ते फक्त आईकडे.

"मंदे, तुयाजवळची गवरी हाये ना वं?" आईने विचारलं.

माझी आई मागणारी बाई नाही. तिच्या तोंडून असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. फळीवरचा तळहाताएवढा तुकडा मला फोनवर बोलता बोलता दिसत होता. तेवढाच उरला होता साऱ्या जगात.

"हाव, हाये ना," मी म्हटलं. फोन ठेवला आणि तो तुकडा फळीवरून काढून हातात घेतला. याचीही रोपं वाळली तर संपलं. पुढच्या वेळी आई मागेल तेव्हा द्यायला काही नसेल.

आमच्या गल्लीत एका घराचं बांधकाम अर्धवट पडलं होतं. समोर कन्हान नदीच्या रेतीचा ढीग, त्यात मिसळलेला मुरूम, कुठल्या तरी गाईने टाकलेलं शेण. पोळ्याच्या थोडं आधी मी तिथून जात होते तर त्या ढिगावर टमाटरचं झाड, आपल्या आपण उगवलेलं! मजुरांनी डब्यातलं काही फेकलं असेल. ना कोणी लावलेलं, ना कोणी पाणी दिलेलं, आणि माजलं होतं लेकाचं! मला असा राग आला की मी ते सरळ उपटलं. मुळं पाहिली आणि तिथेच उभी राहिले. लांबच लांब, पांढरी, भरघोस मुळं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या वावरात काळी माती खाली पुरुषभर खोल आहे. वरून फाटली तरी मुळं खाली जाऊन ओल शोधतात. बादलीत खाली काय? बादलीचं बूड! तिथे नुसती काळी माती चालायची नाही, तिला सैल करणारं कोणीतरी सोबत पाहिजे.

मग मी लाज सोडली. गावची माती फोडून बारीक केली, तिच्यात त्या ढिगावरची रेती घातली, जवळच्या तबेल्यातलं कुजलेलं शेणखत घातलं. बादल्यांना तापल्या सळईने भोकं पाडली. सगळं एकजीव झाल्यावर माती मुठीत दाबून पाहिली तर गोळा व्हायची आणि बोट लावलं की सुटायची. काकूंच्या छताची काळजी म्हणून बादल्या भिंतीकडेला विटांवर मांडल्या. काकू येऊन पाहून गेल्या.

पोळा झाला आणि तो शेवटचा तुकडा मी कुस्करला. थोडंच बी उगवलं. रोपं वीतभर झाली तशी त्यांना रोज थोडं थोडं उन्हात ठेवायला लागले, पाणी जरा कमी केलं, म्हणजे गच्चीवर गेल्यावर घाबरायला नको. घट बसले त्या दिवशी ऊन उतरल्यावर लावायला घेतली. खालची पानं खुडली आणि रोप अर्ध्याहून जास्त मातीत घातलं. नवरा म्हणाला, "अवं, पुरून राहिली का त्याले?" मी आईचंच वाक्य त्याला ऐकवलं, "गळ्यापर्यंत गाड, मरत नाई ते. गाडलं तिथूनच मुळं फुटतात." गावी नव्या रोपांवर पळसाच्या पानांची टोपी घालतात. वाडीत पळस कुठून आणायचा? नवऱ्याने गोदामातली रिकामी खोकी आणली, कापून त्यांच्या टोप्या केल्या. प्रत्येक टोपीवर काचेच्या पेल्याचं चित्र, म्हणजे नाजूक माल, सांभाळून उतरवा. होमातल्या गवरीचं पाप त्याने त्या दिवशी फेडलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

धरली हो सगळी रोपं! एकही गेलं नाही. संक्रांतीच्या आसपास त्या गच्चीवर चुण्याचुण्यांचे लालभडक भेदरे असे लटकले होते की खालून ट्रकवाले माना वर करून पाहायचे. काकूंनी सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून चटणी केली आणि बोटं चाटत म्हणाल्या, "आता समजलं माह्या होमाले एवढा वास काहून सुटला होता."

सगळ्यांत देखणा भेदरा मी कोणाला खाऊ दिला नाही. अमरावती रोडवर मोकाट गाई हिंडतात. घमेलं घेऊन मी दिवसाढवळ्या रस्त्यावर गेले, शेण उचललं आणि गच्चीच्या कठड्यावर गवऱ्या थापल्या. हीच मी, एका गवरीसाठी बसमध्ये मान खाली घालून बसलेली! जाणारे येणारे पाहून राहिले होते. पाहा म्हटलं, डोळे भरून पाहा!

पुढच्या पोळ्याला मी दोघींपुरतं बी टाकलं आणि घट बसायच्या आदल्या दिवशी रोपं बिस्किटाच्या खोक्यात घालून पारशिवनीला गेले. आई दादाच्या नव्या घराच्या पायरीवर वाट पाहत बसली होती. चारी बाजूंनी चकचकीत फरश्या, बोटभर माती नाही. दादाने रंगाच्या बादल्या काढून दिल्या आणि आई लगेच वावरातली काळी माती भरायला लागली.

"नुसती काळी नको आई, आवळते ते. रेती घाल, शेणखत घाल."

आईने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आता तू मले शिकवून राहिली का?"

"हाव," मी म्हटलं.

ती हसली आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. दोघींनी मिळून माती कालवली, रोपं गळ्यापर्यंत गाडली. गावात पळसाची पानं होतीच.

यंदा संक्रांतीला गेले तेव्हा आईच्या अंगणात फळं लागली होती. शेजारच्या काकी फाटकाशी थांबून म्हणाल्या, "काय वं माय, हे कुठचे भेदरे म्हणाचे? तुये तर संपले होते ना?"

आई चटकन म्हणाली, "वाडीचे हायेत. माह्या पोरीच्या घरचे."

मी पायरीवर बसून मटार सोलत होते. वर मान करायची हिंमत होईना, कारण डोळे भरून आले होते. इतकी वर्षं जिला खोली म्हणत आलो ती एका वाक्यात घर झाली, आणि तेही आईच्या तोंडून. त्या घराकडून माझ्या माहेराला काहीतरी परत मिळालं होतं, याचा आनंद मला अजूनही सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी आईने नवीकोरी गवरी आणली. दादाच्या संगमरवरी टाइल्सवर थापून वाळवली होती तिने, आणि दादा पाहत राहिला होता. तिने ती मधोमध तोडली. "अर्धी तुयी, अर्धी माही. एकीकडचं गेलं तर दुसरीकडचं राहीन. आणि कोणाच्या होमात नको देजो!"

त्याच स्टॉपवरून त्याच बसमध्ये बसले. या वेळी फडकं नाही, टॉवेल नाही, गवरी सरळ मांडीवर. शेजारच्या बाईने जरा सरकून विचारलं, "काय वं हे?"

"भेदरे हायेत," मी मोठ्याने म्हटलं, "घरी चाललेत."