इवायाची घटनादुरुस्ती

तेलुगू राज्यातल्या आमच्या मराठी पट्ट्यात, बेल्यापासून भैंश्यापर्यंत, आमच्या इवायाइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो आमच्या इवायाकडूनच शिकलेला असेल. इवाई म्हणजे व्याही, माझ्या धाकट्या पोरीचा सासरा. देशाची घटना, पार्लमेंट आणि मतदान या तिन्ही गोष्टी मुळापासून दुरुस्त करायला झाल्या आहेत आणि ते काम बेल्याजवळच्या आपल्या ओसरीवर बसून होण्यासारखं आहे, असं तो मानतो. त्याला सगळ्या देशाचा संशय, आणि मला पहिल्या दिवसापासून त्याचा. पोरगी पाहायला लोक येतात तेव्हा वावर किती, विहिरीला पाणी किती, असं विचारतात. यानं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या घरात शेवटचा शब्द कोनाचा?"

"माझा," मी म्हटलं. दुसऱ्या कोणाचा असणार?

"अन् तुमाले त्या जाग्यावरून काढाची काही सोय?"

मी उठणारच होतो. पण आत माझी पोरगी फस्सकन हसली, आणि त्या हसण्यावर सोयरीक झाली. माझ्या शब्दावर झाली नाही, हे मी आजही विसरलेलो नाही.

मी चौथीच्या वर्गात बसलेला माणूस. पास झालो की नाही हे विचारायला परत गेलो नाही. पण कोणाच्या बोलण्यात किती पाणी आहे ते मला कळतं. इवाई मतदानाला गेला की आधी शाईचा वास घ्यायचा. मग मशीन टिचकी मारून पाहायचा, जसं आपण बाजारात मडकं वाजवून घेतो. मग तिथल्या साहेबाला हिंदीत विचारायचा, "मेरा मत इधर से अंदर गया, पन बाहेर किसके रूप में आयेगा?" साहेब हात जोडायचा. इवायाचं मुख्य म्हणणं असं, की दिलेलं मत परत घेता आलं पाहिजे. "इवाई, आपन भैंश्याले कापूस नेतो. व्यापारी म्हनते, वल्ला हाय, भाव पाडतो. आपल्याले पटलं नाई तर आपन कापूस वापस गाडीत भरतो का नाई? मंग मत काऊन वापस भरता येत नाई? पाच वर्स त्याच्याच जिनिंगात पडून राहाव का?" पार्लमेंटातल्या खुर्च्यांवरही त्याचा राग. त्या सगळ्या काढून सतरंज्या टाकाव्या, म्हणायचा. गुडघे दुखायला लागले की माणूस मुद्द्यावर लवकर येतो. हे सांगताना तो स्वतः मात्र खाटेवर पाय पसरून असायचा. मी ते दाखवलं तर म्हणाला, "म्या कुठी निवडून आलो?"

देशाच्या आधी घरात करून पाहू, म्हणून यानं घरालाच घटना लावली. पितळी गडवा, म्हणजे मोठा तांब्या, मधे ठेवायचा. 'हो'साठी ज्वारीचा दाणा, 'नाही'साठी सरकी. मूठ झाकून आत घालायची, बाहेर काढायची. कोणी कोणाला विचारायचं नाही. मतदार चौघं: तो, आमची ईन म्हणजे त्याची बायको, त्याचा पोरगा म्हणजे माझा जावई, आणि माझी पोरगी. मी गेलो की मला चहा मिळायचा, दाणा नाही. "पाव्हन्याले मत नाई, तसं कलम हाय," म्हणायचा. मी शब्दाचा मान असलेला माणूस. पण तिथं ओसरीच्या खांबासारखा बसून राहायचो.

त्या गडव्यावर टीव्ही कुठे ठेवायचा ते ठरलं, म्हातारा बैल विकायचा नाही हे ठरलं. पण इवाई हरला की रात्री जेवताना बरोबर त्याच माणसाशी अबोला धरायचा, ज्यानं विरोधात दाणा टाकला असेल. ईन घाबरून गेली, म्हणाली याच्या अंगात काही येतं. माझ्या पोरीनं काही दिवस नुसतं पाहिलं आणि एकदा भर ओसरीत म्हणाली, "मामाजी, तुमी गडव्याकडं नाई पाहून राह्यले. तुमी आमचे हात पाहून राह्यले."

सरकीला कापसाची लव असते. कणीक मळून आलेल्या ओल्या हातानं सरकी उचलली की लव बोटाला चिकटते. इवाई त्यावरून ओळखायचा. देशाच्या मतपेटीचा संशय घेणारा माणूस घरच्या मतपेटीत असं करत होता.

त्याला लाज वाटेल असं मला वाटलं. तो आनंदानं ओरडलाच, "पाहा, इवाई. एवढी मोठी खोट होती अन् कोनालेच दिसली नाई." त्याच दिवशी घरात पहिली घटनादुरुस्ती झाली. सरकी गेली, तूर आली. तूर गुळगुळीत, हाताला काही ठेवत नाही.

तिथून त्याला जोर चढला. त्यानं ओसरीच्या भिंतीला एक पाटी ठोकली: 'घटना दुरुस्ती सभा, रविवार.' आता आमच्याकडं हिंदीत अन् तेलुगूतही घटना म्हणजे काहीतरी घडलेलं, आणि ते बहुतेक वाईटच. बेल्याहून एक पोलीस शिपाई मोटरसायकलवर आला. तो वारंगलकडचा, त्याला मराठी येत नव्हती.

"घटना कहाँ हुई?" त्यानं विचारलं.

"अब्बी नई हुई," इवाई म्हणाला. "इतवार को करनेवाले हैं."

शिपायानं गाडी स्टँडवर लावली. "कितने लोग शामिल हैं?"

"मेरी इच्छा तो ये है के सारा गाव शामिल होना."

"मास्टरमाइंड कौन?"

इवायानं छाती पुढे केली. नशीब, तेवढ्यात बौद्ध वस्तीतले गुरुजी तिथून चालले होते. ते शाळेतून निवृत्त झालेले, तेलुगू चांगलं जाणणारे. त्यांनी शिपायाला बाजूला घेऊन समजावलं. शिपाई हसत गेला, पण गुरुजी हसले नाहीत. ते इवायाला म्हणाले, "पाटी मीही वाचली. ज्या पुस्तकानं माझ्या बापाले ओसरीच्या खाली उभं राह्यलेलं वर घेतलं, ते तुमी दुरुस्त करून राह्यले?"

इवाई सरकला आणि त्यानं खाटेवर जागा केली. "बसा गुरुजी. म्या वाचलं नाई ते. वाचून दाखवा, मंग सांगतो." रविवारी सभेला मी, गुरुजी आणि सावलीला आलेली दोन माणसं एवढेच होतो. पण गुरुजी पुढे रोज संध्याकाळी येऊन वाचत राहिले. प्रत्येक कलमाला इवाई विचारायचा, "हे कोनाच्या फायद्यासाठी लिहलं असन?" गुरुजी सांगायचे, "तुमच्या." त्याचा त्याला फार संशय यायचा.

मग सरपंचाची निवडणूक आली आणि जागा बायांसाठी सुटली. त्या गावात बरीच वर्षं निवडणूक होतच नव्हती. चार मोठी माणसं बसायची, एक नाव ठरवायची, बाकीचे फॉर्म भरायचे नाहीत. सरकारही अशा गावाला बक्षीस देतं. मराठीत याला बिनविरोध म्हणतात, तेलुगूत एकग्रीव. इवाई म्हणायचा, "एकग्रीव म्हंजे एकच मान. सगळ्या गावाले एकच मान असली म्हंजे दाबाले सोपं जाते." पण या वेळी ती चार माणसं त्याच्याच ओसरीवर आली आणि म्हणाली, "तुमची सून शिकली हाय. तिले बिनविरोध करू. शिक्का तिचा, कारभार तुमी पाहा."

हे कळलं तसा मी माझ्या गावाहून, मावल्याहून, पहिल्या बसनं निघालो. बसमध्ये मला सगळं स्पष्ट दिसत होतं. सतरंजी, गडवा, सभा, हे सगळं यासाठीच होतं. माझ्या पोरीच्या नावाची पाटी लावून हा आत खुर्चीवर बसणार, आणि ती कणकेच्या हातानं सह्या करणार. मी ओसरी चढता चढताच म्हटलं, "इवाई, तुमी माझी पोरगी सून म्हनून आनली, रबरी शिक्का म्हनून नाई."

चारही माणसं तिथंच बसलेली. इवायाचं तोंड उतरलं, पण तो एवढंच म्हणाला, "गडवा आना."

चौघांनी मुठी घातल्या. जावई तर खुशीत होता. बायको सरपंच होणार म्हणून त्यानं दाढी करून ठेवली होती. ईनही सकाळपासून नातेवाइकांना फोन करत होती. गडवा ताटात उपडा केला. दोन ज्वारीचे दाणे, दोन तुरी.

"बरोबरी," इवाई म्हणाला. "बरोबरी झाली तर ज्याच्याबद्दलचा ठराव, त्यानं बोलाव."

माझी पोरगी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. "एक तूर माझी हाय. मले सरपंच व्हाचं हाय. पन मत मागून. कोनी 'नाई' म्हटलंच नसन, तर 'हो' कोनी म्हटलं हे मले कसं कळन?"

दुसरी तूर कोणाची, हे कोणी बोललं नाही. चार माणसं चहा न पिता उठून गेली आणि त्यांनी दुसरीच बाई उभी केली. गावात निवडणूक झाली. पोरगी घरोघर फिरली, बौद्ध वस्तीत गुरुजींसोबत गेली, त्या चार माणसांच्या मोठ्या आळीतही गेली, जिथं तिला बसा कोणी म्हटलं नाही. ती पडली. थोडक्यानं पडली, पण पडली. इवाई आता फेरमोजणीची दरखास्त देणार, पेटीचा वास घेणार, असं समजून मी त्याचा हात धरून ठेवला होता. त्यानं हात सोडवला, निवडून आलेल्या बाईला हार घातला आणि घरी येताना म्हणाला, "मोजनी खरी होती." एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी मत सुनेलेच देल्लं ना?" मी विचारलं.

"ते सांगाचं नसते, इवाई."

आता तो थकला. डोळ्यांनी कमी दिसतं, गुरुजींना तेच कलम दोनदा वाचायला लावतो. भिंतीवरची पाटी पावसापाण्यानं पुसत आली. 'घटना' गेली, 'सभा' गेली, 'रविवार'ही गेला, 'दुरुस्ती' तेवढं राहिलं. परवा मी तिथं असताना एक परका माणूस बंद पडलेली मोटरसायकल ढकलत आला. इवायानं त्याला खाली सतरंजीवर बसवलं आणि विचारलं, "बिघाड कवापासून हाय? अन् तुमचा संशय कोनावर?" आतून माझी पोरगी म्हणाली, "मामाजी, त्याहिची गाडी बिघडली, देश नाई." ती पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभी राहणार आहे. त्या मोठ्या आळीत जाणं तिनं सोडलेलं नाही, आणि हल्ली दोन घरी तिला बसा म्हणतात.

तो माणूस गेल्यावर मी खाटेवर इवायाच्या शेजारी बसलो. मला राहवेना. ईन तर शपथ घेऊन सांगते की तिनं ज्वारी टाकली होती. पण तिच्या शपथेवर माझा विश्वास इवायावर आहे तेवढाच. मी विचारलं, "खरं सांगा. ते दुसरी तूर तुमची होती का?"

इवायानं दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. "पाहा," म्हणाला.

मी वाकून चांगले निरखून पाहिले. वाळलेले हात. त्यांना काहीच चिकटलेलं नव्हतं; तूर हाताला काही ठेवत नाही. माझ्या पोरीनंच तशी सोय करून ठेवली होती.