कंपनीच्या मॅडम

त्या रविवारी दुपारी आम्ही चौघं नेहमीप्रमाणे पटावर येऊन बसलो होतो. पट म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. मी धुळ्यात, समीर नाशिकला, बाकी दोघं पुण्यात, आणि खेळ चालवणारा दिनेश भडगावला. वेळ उलटून गेली तरी दिनेशच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागेना. हा माणूस कधी उशीर करत नसे. "खापरावरचे मांडे हाणून आडवा झाला असेल," मी म्हणाले, आणि सगळे हसले. वर त्याला मेसेजही टाकला, "उठा महाराज, राज्य बुडालं!" दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलत भावाने फोन उचलला. दिनेश शनिवारीच गेला होता... दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, जळगावला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा तो मेसेज घरातल्या कुणाकुणाच्या नजरेस पडला असेल, या विचाराने मला तोंड लपवावंसं वाटलं.

हा खेळ पुष्कळांना माहीत नसेल, म्हणून सांगते. पडद्यावर एक नकाशा असतो, त्यावर प्रत्येकाची एक सोंगटी. आपण कुणीतरी व्हायचं – सैनिक, वैद्य, चोर – आणि सूत्रधार गोष्ट सांगत जातो तसं आपण काय करणार ते बोलायचं. नकाशा आधी काळोखात असतो. आपण पुढे सरकू तसा सूत्रधार तो उजळत नेतो. दिनेशचा धंदा फ्लेक्स छापण्याचा. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचेसुद्धा. आठवडाभर हे करायचं आणि रविवारी त्याच हाताने आमच्यासाठी किल्ले, भुयारं, नदीकाठची गावं काढायची. त्याची नदी हुबेहूब गिरणा असायची, पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त. आणि राजाचे पहारेकरी? फ्लेक्सच्या तळाशी ओळीने शुभेच्छुकांचे फोटो असतात ना, तीच डोकी कापून त्यांना शिरस्त्राणं चढवलेली. हसून हसून पोट दुखायचं. मी चोर झाले तेव्हा म्हणाला, "ताई, सरकारी ऑफिसात आहात, तुम्हाला वेगळं शिकवायला नको." असला वात्रट! लॉकडाऊनमध्ये कुणाच्या तरी ओळखीने मी या मंडळींत शिरले आणि मग सुटलेच नाही. ऑफिसात मात्र मी कुणाला याचा पत्ता लागू दिला नाही. चाळिशी उलटलेली बाई रविवारी चोर होऊन भुयारात शिरते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण दिनेश खेळ कसा चालवायचा, हे सांगितलंच पाहिजे. समीर बोलताना अडखळतो. एकेका शब्दाशी झटापट चालते त्याची. तरी त्याने राजाकडे बोलणी करायला जाणारा वकील व्हायचं ठरवलं. पहिल्याच दरबारात त्याचं वाक्य अडकलं. पुण्याच्या एकाने मदत म्हणून पुढचा शब्द सुचवला, तर राजा झालेला दिनेश शांतपणे म्हणाला, "मध्ये कुणी बोलू नका. राजाला घाई नाहीये." समीरने वाक्य पुरं केलं, राजाने त्यावर विचार केला आणि तह मान्य केला. पुढे इतकी वर्षं दिनेशने एकदाही त्याचं वाक्य तोडलं नाही, की स्वतः पुरं करून दिलं नाही. समीर मला एकदा म्हणाला होता, की आठवड्यात तेवढ्याच वेळात तो पोटभर बोलतो.

दारावर जायला, सांत्वनाला, मी यजमानांबरोबर भडगावला गेले. ओट्यावर दिनेशचे वडील, आबा, डोक्याला हात लावून बसलेले, भोवती भाऊबंद. बाईमाणूस म्हणून आत जाणार तोच आबांनी विचारलं, "माले वळख नही पटनी. तुम्ही दिनेशना कोण?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लग्न न झालेल्या पोराच्या दारात आलेली परक्या गावची बाई. काय सांगू? रविवारी आम्ही मिळून राक्षस मारायचो? "आम्ही... ऑनलाइन एकत्र काम करायचो," मी म्हणाले. "कंपनीमां?" आबांनी मान वर केली. मी हो म्हटलं. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. शेजारच्याचा गुडघा धरून तो म्हणाला, "तो रविवारना बठ्ठा दिन त्या कॉम्प्युटरपुढे बसे. काय करे, माले समजनं नही. मी त्याले रिकामटेकडा म्हनू." आणि ढसाढसा रडला. एका शब्दाने बापाला आधार मिळाला, मग कुठे बिघडलं, अशी मी परतीच्या वाटेवर स्वतःची समजूत घातली.

बिघडलं ते सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी. आबांनी मला मांडवात सगळ्यांपुढे नेलं. "ह्या मना पोऱ्यान्या कंपनीन्या मॅडम." लोक सरकून जागा देऊ लागले. कुणी खुर्ची आणली. धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात नाशिकहून आलेला समीर पुढे झाला. आबांचे हात हातात घेऊन म्हणाला, "आबा, आ... आम्ही दिनेशबरोबर खे... खे..." सगळे वाट बघत होते. तो शब्दाशी झगडत होता, डोळे पाण्याने भरलेले. आणि मी, मी त्याचा दंड दाबून म्हणाले, "खेडोपाडीचं काम करायचो, आबा. कंपनीचं." समीरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर सोसलं असतं. तो न जेवता बसस्टँडकडे निघून गेला. दिनेशच्या मांडवात, दिनेशने जे कधी केलं नाही, तेच मी केलं होतं. लाज वाटली, म्हणणं फार कमी आहे. स्वतःची शिसारी आली.

काही दिवसांनी एकटीच लॅपटॉप घेऊन आबांकडे गेले. दिनेशच्या खोलीत बसून पट उघडला. सगळं सांगितलं. सोंगट्या, काळोख, राजा, समीरचा तह. आबा डोळे बारीक करून बघत राहिले. नदी त्यांनी लगेच ओळखली. मग पहारेकऱ्यांपाशी बोट थांबलं, "हाऊ ते आपला सोसायटीना चेअरमन!" आणि हसले. पोरगा गेल्यावर पहिल्यांदाच हसले असावेत. मग हळूच विचारलं, "मंग कंपनी?"

"कंपनी नव्हती, आबा. मी खोटं बोलले. सगळ्यांपुढे खेळ म्हणायची मला लाज वाटली."

आबांनी आवाज चढवला नाही. "मी बठ्ठा गावले सांगी बसनू ना बेटा," ते म्हणाले. "आते खेळ कसा सांगू? तुलेच लाज वाटनी, मंग गावले काय वाटी?" मी लॅपटॉप मिटला. चहा न घेताच निघाले.

समीरला फोन केला, माफी मागितली. "तू हे गा... गावाला सांग," एवढंच तो म्हणाला. मी मध्ये बोलले नाही. आता रविवारी आम्ही पटावर येतो, पण कुणी काही खेळत नाही. दिनेशने अर्धा उजळलेला नकाशा तसाच आहे, पुढे काय आहे ते तोच जाणे. नुसते बोलत बसतो, त्याच्याबद्दल. तिथेच मी म्हणाले की मी पेपरात लिहीन, माझ्या नावानिशी, ऑफिसातल्यांनी वाचलं तर वाचू दे. पण पोरगा आबांचा, गाव आबांचं. त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहायचं? काल फोन केला. "आबा, दिनेशवर लिहू का? गावात सगळे वाचतील."

"लिख," आबा म्हणाले. "पन कंपनी नको लिखू. खेळच लिख."