नवरदेवाच्या मोटारीचा आवाज

माझ्या लग्नात नवरी पळून गेली, ती माझ्यामुळे. पण ती एकटी पळाली नाही; आईबाप, भटजी आणि वाजंत्री यांच्यासकट अख्खं निर्णा गाव पळालं!

आमचे अप्पा (म्हणजे वडील) आळंदला एका जहागीरदारांचा कारभार पाहत. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार कायमचे हैदराबादला गेले आणि जाताना आपली लाल, बिनटपाची, दोनच माणसं बसणारी शर्यतीची मोटार अप्पांना देऊन गेले. माझं लग्न तोंडावर आलं आणि तिचा सायलेन्सर बैलगाडीच्या चाकोरीत गळून पडला. मला मुळीच वाईट वाटलं नाही. नवरदेवाला शोभेलसा आवाज निवडायची संधी चालून आली होती!

गुलबर्ग्याच्या मस्तानभाई मेकॅनिकने एकेक सायलेन्सर लावून मोटार सुरू करून दाखवली. अप्पा खुर्चीवर डोळे मिटून, गाणं ऐकायला बसल्यासारखे बसले.

पहिला कोरा करकरीत होता. अप्पा खूष. "झ्याक हाय. झोपमोड न्हाई कुनाची."

"अप्पा, ही मोटार चालायलीय का जप करायलीय?"

दुसरा लॉरीचा. तो इतका घुमला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीने ओ दिली. (मोटार बंद केल्यावरही बिचारी बराच वेळ वाट बघत होती.)

तिसऱ्या खेपेला सायलेन्सरच नाही, नुसती सरळ नळी! समोरच्या हॉटेलातल्या कपबश्या नाचायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला.

"हाच आवाज!" मी ओरडलो.

"नवरदेव हाईस का तोफखाना?" अप्पांनी विचारलं.

"दूल्हेमियाँ, उतार पे पाँव उठाए तो फटाके मारती ये," मस्तानभाईने बजावलं.

"मग तर शोभेची दारू आणायलाच नको!" मी म्हणालो. शहाणपणाला अंत नव्हता.

लग्न माघातलं. शिवारात ज्वारी पुरुषभर उंच झालेली. वऱ्हाड मागून बैलगाड्यांनी येत होतं, मी आणि अप्पा मोटारीने पुढे. निर्ण्याच्या शिवेवर मारुतीपाशी मुलीकडची मंडळी (मोटार बघायला नवरीसुद्धा!) सीमांतपूजनाला खोळंबली होती. उतार लागला. मी मोठ्या ऐटीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

धाड! धाड! धडाड!

आता त्या गावाची एक सवय होती. पोलीस ॲक्शनच्या आधी, गडबडीच्या दिवसांत, शिवेवर बंदुकीचा बार ऐकू आला की धाड आली समजून असेल ते टाकायचं आणि ज्वारीत शिरायचं. मागे वळून बघायचं नाही. ते दिवस सरले, तरी पायांची सवय गेली नव्हती.

आम्ही पोचलो तर मारुतीपुढे पाट, तांब्या, उपडं घंगाळ, पेटलेलं निरांजन आणि जागोजाग चपला. माणूस एकही नाही! माझ्यासाठी आणलेला हार एक शेळी शांतपणे खात होती.

"कामून रे, कुनीच न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"हिकडची पद्धत असंल," मी म्हणालो आणि सरळ पाटावर जाऊन बसलो. बराच वेळ बसलो!

शेवटी ज्वारीतून कुणीतरी शिंकलं, तेव्हा अप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी मात्र पाटावरून ताडकन उठलो. हा मुहूर्त टळला तर पुढचा वैशाखात, आणि तोवर असल्या जावयाला पोरगी देतंय कोण!

"मंडळी, बाहेर या! आमी वऱ्हाड हाव!" अप्पा ओरडले.

"तसंच म्हनत्याल की!" ज्वारीतून उत्तर आलं.

मग एक बारीक पण ठाम आवाज आला. नवरीचा, कमलचा. "नवरदेव हाव म्हनता, तर बघायला आल्तासा तवा मला काय विचारलं, सांगा!"

मी मुंडावळ्या सारख्या करायला लागलो.

"सांग की! शिक्षण विचारलास का कानडी येती का म्हनलास?" अप्पा खेकसले.

सांगणं भाग होतं. त्या उभ्या पिकापुढे मी बोंबललो, "लाडू अजून हाईत का, म्हनून!"

आधी ज्वारीचं एक ताट हललं, मग सगळं शेत हसायला लागलं. एकेक माणूस बाहेर आलं. केसांत ज्वारीची पानं घेऊन कमलही आली. सासऱ्यांचा चेहरा मात्र लालबुंद. "ह्या मानसाला पोरगी द्यायची?"

"बाबा, आपन आवाजाला भिऊन पळालाव," कमल म्हणाली. "मानसाला न्हाई. मानूस गरीब हाय."

भटजीही देवासारखे धावले. पळापळीत कुणाचा तरी पाय लागून त्यांचं घंगाळ उपडं झालं होतं आणि मुहूर्त मोजणारी, बुडाला भोक असलेली वाटी (ती घंगाळातल्या पाण्यात बुडली की वेळ भरली) चिखलात पडली होती. तिच्याकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "वाटी बुडलेलीच न्हाई. म्हंजे मुहूर्त हाय!" त्या दोघांचे उपकार मी जन्मभर विसरलेलो नाही. कमलचे तर रोज आठवतो, कारण त्या वाक्यावर माझा संसार उभा आहे.

वरात निघाली तेव्हा सासऱ्यांनी मोटार सुरू करू दिली नाही. तिला बैलजोडी जुंपली आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला. नळीतून चकार शब्द नाही. आवाज काय तो बैलांच्या घुंगरांचा. शेजारी कमल तोंडाला पदर लावून हसत होती. आणि मी? मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो, आणि वळण आलं की हात बाहेर काढून बैलांना दिशा दाखवत होतो!