राक्षसाचे पाय

आमच्या शहरातल्या सदर बाजारात व्हिडिओ गेमचं दुकान निघालं तेव्हा मी कॉलेजात होतो. पडद्यावर राक्षसांची रांग उतरायची आणि मी ती पटापट उडवायचो. एकदा शेवटचा एकच राक्षस उरला होता, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मारू नको गा त्याले! पाय मोजून राहिलो मी!"

वळून पाहिलं, तर कानावर पेन्सिल आणि हातात चौकटीचा कागद घेतलेला एक माणूस. उमरेडचा विणकर होता.

"माझ्या किनारीत मोराची मान गोल येतच नाही गा. धागे पडले सरळ. या मशीनजवळ बी नुसते चौकोनच आहेत, तरी डोकं कसं गोल काढलं पाह्य!"

मग काय! मी गोळीचं बटण सोडलं आणि पडद्यावर नुसता पळत सुटलो. सगळं दुकान ओरडू लागलं, "मारू नको, मारू नको!" त्यानं शेवटचा चौकोन भरला आणि मी मेलो. हरल्यावर एवढ्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

वर्षभरानं एका लग्नात एक बाई समोरून गेली. तिच्या लुगड्याच्या काठावर मोर नव्हतेच. राक्षसांची रांग चालली होती, पायांसकट.

माझं बोट आपोआप बटण शोधू लागलं.