साखळीतले हात
मैदान आखायच्या फक्कीचा वास आला की मला मलकापूरच्या आमच्या कॉलेजचा एक कबड्डी सामना आठवतो. आमचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरायचा, आणि या वेळी हरला तर तो बंदच होणार होता. म्हणून क्रीडाशिक्षकांनी गावोगावचे सामने पाहून जानेफळ-दुसरबीडकडचे तीन-चार खेळाडू कॉलेजात आणले होते. "बाहेरचे पोरं जिंकले तं त्याइले आपले काऊन म्हणाचं बे?" सामना सुरू व्हायच्या आधी मैदानाच्या कडेला माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, मित्र चहा पिता पिता म्हणाला. "जिंकू तं दे त्याइले," दादा हसला. "पण जिंकतील का?" मी विचारलं. "चढाईवाल्याले पाहू नको, साखळीतले हात पाह्य," दादा म्हणाला. सामना सुरू झाला. बचावाला हात धरून केलेल्या साखळीत नवे खेळाडू फक्त एकमेकांचेच हात धरत होते, आणि आम्ही मागे पडत होतो. मध्यंतरानंतर शिक्षकांनी प्रत्येक नव्याशेजारी एक जुना खेळाडू उभा केला. शेवटी दुसरबीडच्या मुलाने चढाईवाल्याचा घोटा पकडला आणि स्वतःच त्याच्यामागे रेषेकडे फरफटत जाऊ लागला, पण शेजारच्या जुन्याने त्याचा हात सोडला नाही. "धरून ठेव बे आपल्या पोराले!" दादाचा मित्र ओरडला. चढाईवाला रेषेअलीकडेच बाद झाला, आणि आम्ही जिंकलो. दादाला जाऊन आता महिना झाला. कबड्डी कधीच न खेळलेल्या त्या माणसाला हात पाहायचं कसं सुचलं, हे विचारायचं राहूनच गेलं.