गंगेचं पाणी आणि गुडघ्याचा लेप

निफाडहून आलेल्या एका मावशींनी लेपाच्या मातीत बाटलीभर गंगेचं पाणी ओतलं, तिथे माझी नाशिकची ट्रिप फिसकटली. तोवर झकास चाललं होतं.

येवल्याहून सकाळची एसटी पकडली. घरी सांगितलं, पाठ दुखतेय. खरं कारण सायली. आम्ही मायक्रोबायॉलॉजीला एकत्र होतो. मी मधेच कॉलेज सोडलं. तिने डिग्री घेतली आणि आता गंगापूर रोडच्या पुढे एका निसर्गोपचार केंद्रात लेपाची माती तयार करते. स्टँडवरून रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवा. उतरल्या उतरल्या मिसळ खाऊ नका, लेपाला पोट रिकामं लागतं. मी खाल्ली होती.

सायलीने मागचं अंगण दाखवलं. "शेतातली वरची माती नाही घेत, खत-फवारणी असते. कमरेइतकं खणून खालची काढतो. चाळायची, वाळवायची, मग भट्टीत तापवायची."

"ऊन पुरत नाही?"

"धनुर्वाताच्या जंतूंचे स्पोर्स उन्हाने मरतात होय? विसरलास वाटतं सगळं."

भिजवायला उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येकाला ताजी माती, वापरलेली झाडांना. ती सांगत होती, मी मातीकडे कमीच बघत होतो. संध्याकाळी धरणावर येशील का, हे विचारायचं ठरवूनच आलो होतो.

माझ्या आधी मावशींचा नंबर. त्यांना शुगर, टाचांना भेगा. म्हणून लेप फक्त गुडघ्यांना. सायली हात धुवायला वळली तेवढ्यात मावशींनी पिशवीतली बाटली काढून घमेल्यात उपडी केली. "सकाळीच गंगेवरून भरलं. गुण लवकर येतो." आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात.

माझं डोकं फिरलं. "मावशी, अख्ख्या शहराचं सांडपाणी आहे त्यात. ओघळून भेगांत गेलं तर पाय कापायची वेळ येईल."

"गंगेला घाण म्हणतो का रे? कोणाचा हाय तू?" मावशी उठायलाच लागल्या.

सायलीने माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्याजवळ खाली बसली. "मावशी, तीर्थ आपण पायाला लावतो का?"

मावशी थांबल्या. "नाय गं. चुकलंच माझं."

बाटलीत उरलेले चार थेंब त्यांनी स्वतःच कपाळाला लावले. सायलीने ते घमेलं झाडांत रिकामं केलं आणि नवी माती भिजवायला घेतली.

आता घरी बसून लिहितोय. लेपाला गेलात तर माती कुठली, तापवलीय का, पाणी कुठलं, बिनधास्त विचारा. जखम, भेग असेल तर आधी सांगा. माझा मुद्दा बरोबर होता, अजूनही म्हणतो. पण माझं ऐकून मावशी निघून गेल्या असत्या, आणि घरी जाऊन शेतातलीच माती थापली असती त्याच पाण्यात कालवून. हे परतताना एसटीत लासलगाव फाटा गेल्यावर सुचलं.

केंद्रात असताना मात्र मी एवढंच विचारलं, "मी बरोबर होतो ना?"

"होतास," सायली माती मळत म्हणाली. "मीही त्यांना थांबवणारच होते. तू बोलू दिलंस का?"

मावशी आता हसत होत्या. "लय तापट हाय गं. तुझा कोण हा?"

"कोणी नाही, मावशी. कॉलेजला होता बरोबर."

मी बॅग उचलली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. न आपटता.